डोंगरात शौचाला कुठे आणि कसं जायचं: पहिल्यांदा ट्रेकला निघणाऱ्या मुंबईकरांसाठी

ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवी माणसं बुटांबद्दल विचारतात, रेनकोटबद्दल विचारतात, वर नेटवर्क मिळेल का हेही विचारतात. पोटातला प्रश्न मात्र लीडरला वेगळा मेसेज करून येतो, तोही आदल्या रात्री: ‘तिकडे बाथरूमची काय सोय?’ लीडर ‘होईल काहीतरी’ म्हणतो आणि विषय मिटतो. मग काही जण दोन दिवस पाणीच कमी पितात, काही जण कळ दाबत गड उतरतात, आणि उरलेले पहिल्या दिसेल त्या झुडपाआड जाऊन येतात. तिन्हींचा त्रास होतो, पहिल्या दोघांचा त्यांना स्वतःला आणि तिसऱ्याचा मागून येणाऱ्या सगळ्यांना.

मुंबईहून निघणाऱ्याची पंचाईत वेळापत्रकातच आहे. रात्री उशिराची कसारा किंवा कर्जत लोकल पकडायची, अपरात्री स्टेशनवर उतरायचं, जीपने पायथ्याचं गाव गाठायचं, चहा प्यायचा आणि उजाडताना चढायला लागायचं. ज्या पोटाला रोज सकाळी सातची सवय, ते सात वाजता नेमकं अर्ध्या चढावर आठवण करून देतं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, पुढेमागे माणसांची रांग. लोकलला संडास नसतो आणि स्टेशनवरच्या स्वच्छतागृहात अपरात्री पाणी असेलच असं नाही.

पुढचं सगळं सह्याद्रीपुरतं आहे. हिमालयातल्या बर्फात किंवा वाळवंटात नियम बदलतात. आपल्याकडे बहुतेक गोष्टी एकाच प्रश्नावर ठरतात: इथे पाऊस पडला तर पाणी वाहून कुठे जाईल?

पहिली तयारी घरात

कमोडची सवय झालेल्या मुंबईकराला उकिडवं बसता येत नाही, ही खरी अडचण आहे. टाचा टेकत नाहीत, दोन मिनिटांत मांड्या थरथरतात, आणि उतारावर तोल गेला तर काय होतं ते सांगायला नको. निघण्याच्या दोन आठवडे आधीपासून रोज घरात पाचेक मिनिटं उकिडवं बसा. भाजी निवडताना बसा, मोबाइल बघताना बसा. गुडघे दुखणाऱ्यांनी झाडाच्या खोडाला किंवा काठीला धरून बसायचा सराव करावा. या एका सवयीने अर्धी भीती जाते.

खाण्याचं म्हणाल तर निघायच्या संध्याकाळी स्टेशनबाहेरची पावभाजी किंवा तर्रीवाली मिसळ नको. वरणभात, खिचडी, पोळीभाजी असं रोजच्या ओळखीचं खा. पाणी मात्र अजिबात कमी करू नका. चढावर घाम जातो, त्यात पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, पायात गोळे येतात आणि बद्धकोष्ठ होऊन दुसऱ्या दिवशीचं दुखणं आजच ओढवून घेता. ‘जायला लागू नये’ म्हणून जुलाब थांबवायची गोळी आधीच घेणारेही भेटतात. तसलं काही करू नका.

कपडे सैल आणि कमरेला इलॅस्टिक असलेले घ्या. पट्टा, बटणं, आत घट्ट लेगिंग अशी तीन मजली रचना घाईच्या वेळी वैरीण ठरते. मुलींसाठी गुडघ्यापर्यंतचा कुर्ता फार सोयीचा. उघड्या माळावर तोच आडोसा होतो.

थैलीत काय असावं

ट्रेकिंगच्या दुकानात यासाठी महागडी आयुधं मिळतात. त्यांची गरज नाही. कोणत्याही नर्सरीत मिळणारं छोटं खुरपं घ्या, आपल्या दगडमिश्रित मातीत ते प्लास्टिकच्या फावड्यापेक्षा बरं चालतं. अर्धा लिटरची एक बाटली फक्त धुण्यासाठी ठेवा. तिच्या बुचाला गरम सुईने चार-पाच भोकं पाडा म्हणजे बाटली दाबली की धार येते आणि पाणी निम्मं लागतं. भोकाचं बूच प्रवासात गळतं, म्हणून नेताना साधं बूच लावा आणि भोकाचं खिशात ठेवा. या बाटलीला लाल चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे अंधारात कोणी ती तोंडाला लावणार नाही.

बाकी साबणाचा तुकडा किंवा कागदी साबण, सॅनिटायझर, थोडे टिश्यू, दोन-तीन झिपवाल्या पिशव्या, एक काळी पिशवी, वर्तमानपत्राचे कागद आणि डोक्याला लावायची टॉर्च. काळ्या पिशवीत घरी वापरून वाळवलेली चहापूड मूठभर टाकून ठेवा. परत आणायच्या कचऱ्याचा वास ती बऱ्यापैकी मारते.

वेट वाइप्स शक्यतो नेऊच नका. बहुतेकांत प्लास्टिकचे धागे असतात, ते कुजत नाहीत. गडाच्या वाटेवर झुडपांना लटकलेले पांढरे फडके दिसतात ते हेच. पाणी वापरायची आपली सवय इथे खरोखर उपयोगी आहे. अर्ध्या लिटरच्या आत काम होतं आणि मागे काही उरत नाही.

ही सगळी थैली सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. स्लीपिंग बॅगखाली दाबलेलं खुरपं वेळेला सापडत नाही.

पायथ्याचं गाव सोडू नका

या लेखातून एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल: चांगल्या ट्रेकरचं सकाळचं काम गावातच उरकलेलं असतं. हरिश्चंद्रगडासाठी पाचनई, कळसूबाईसाठी बारी, रतनगडासाठी रतनवाडी, राजमाचीला तर उधेवाडी गाव गडाच्या कुशीतच. या सगळ्या ठिकाणी ट्रेकरना जेवण-चहा देणारी घरं आहेत आणि घराला संडास आहे. पोह्यांची ऑर्डर फोनवर देताना लीडरने हेही विचारून ठेवावं. वीस जणांचा गट असेल तर चढाईच्या वेळेआधी निदान तासभर गावात पोहोचा. गरम चहा किंवा कोमट पाणी प्या, थोडं चाला, दहा-पंधरा मिनिटं थांबा. पोटात गरम काही गेलं की आतडं जागं होतं. झोप झाली नसली तरी बहुतेकांचं काम होतं.

‘मावशी, संडास वापरू का?’ असं विचारून जा आणि जाताना पैसे द्या, न मागता. त्याहून महत्त्वाचं पाण्याचं. मार्चनंतर या गावांत पाण्याची टंचाई असते. शहापूर तालुक्यात तर ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण लोक रोज जगतात. भातसा, तानसा, मोडकसागर आपल्या नळाला पाणी देतात आणि त्यांच्या काठच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. तेव्हा त्या बायकांनी डोक्यावरून आणलेल्या हंड्यातलं पाणी बादली बादली ओतू नका. गावाकडच्या संडासाचं भांडं खोल उताराचं असतं, दीड-दोन लिटर जोरात ओतलं की साफ होतं. जमलं तर स्वतःची भरलेली बाटली घेऊन जा.

त्या संडासाखाली बहुतेक वेळा दोन शोषखड्डे असतात. एक भरला की दुसरा वापरायचा, पहिल्यातल्या मैल्याचं तोवर खत होतं. त्यात पॅड, टिश्यू किंवा वेफरचं पाकीट टाकलंत तर पाइप तुंबतो आणि तो काढायला तुम्ही नसता.

‘गावातले लोक पिढ्यान्‌पिढ्या बाहेरच जायचे की,’ असं म्हणणारा एक तरी गटात असतो. जायचे, पण त्यांची जागा पाणवठ्यापासून लांब, ठरलेली आणि गावापुरती होती. शिवाय ते दिवस गेले. गाडगेबाबांच्या नावाच्या ग्रामस्वच्छता अभियानापासून गावांनी यावर बरीच वर्षं घालवली, पहाटे टमरेल घेऊन निघालेल्यांना गाठणारी ‘गुड मॉर्निंग’ पथकं झाली, २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. कागदावरचं आणि प्रत्यक्षातलं अंतर धरूनही, मावशीच्या घरी संडास असताना मुंबईच्या पोरांनी तिच्या शेताच्या बांधाआड बसावं हे वाईट दिसतं.

वाटेत वेळ आलीच तर: जागा

जागा निवडायला पाच मिनिटं लागतात. म्हणून कळ अगदी टोकाला जाईपर्यंत थांबू नका, पहिली चाहूल लागली की सांगा.

पाण्यापासून, वाटेपासून आणि मुक्कामाच्या जागेपासून निदान ६० ते ७० मीटर लांब जा. साधारण शंभर पावलं. पाणी म्हणजे फक्त वाहता ओढा नव्हे. जानेवारीत कोरडी दिसणारी, गोल गोट्यांनी भरलेली घळ जूनमध्ये ओढा असते. तिच्यात बसलात तर पहिल्या पावसात सगळं खालच्या विहिरीत. गडावर पाणी म्हणजे कातळात खोदलेली टाकी, आणि टाकं भरतं ते त्याच्या वरच्या उतारावरून. टाक्याच्या वरच्या अंगाला दोनशे पावलांवर बसणं हे खालच्या अंगाला शंभर पावलांवर बसण्यापेक्षा वाईट. म्हणून उभं राहून आधी उतार बघा.

आणि हे पाणी शेवटी कुठे जातं तेही ध्यानात असू द्या. माहुलीचं रान तानसाच्या अभयारण्याला लागून आहे. कसारा-इगतपुरीकडच्या डोंगरांवरचं बरंचसं पाणी भातसा आणि वैतरणेत उतरतं. मुंबईच्या सात तलावांत येणारं पाणी शुद्ध होऊनच नळाला येतं हे खरं, पण वाटेतल्या पाड्यांवर ते तसंच प्यायलं जातं.

गडावर कुठे बसू नये याची यादी लांब आहे. लेणी आणि गुहा नकोत, तिथे पाऊस पोहोचत नाही, वास महिनोन्‌महिने राहतो आणि रात्री तिथेच कोणीतरी पथारी पसरतं. बुरूज, तटाची आतली बाजू, पडक्या वाड्याची जोती नकोत. राजगड-रायगडावर जुने शौचकूप दाखवतात, तटात बांधलेले, मैला बाहेरच्या बाजूला पडेल असे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी गडावर राहणाऱ्या शिबंदीचा एवढा विचार केला होता. ते पाहायला आहेत, वापरायला नाहीत, हे सांगावं लागतं यातच सगळं आलं.

गडाच्या माथ्यावर खोदूही नका. रायगड, लोहगड, शिवनेरी यांसारखे अनेक गड संरक्षित स्मारकं आहेत, तिथे खोदकाम हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात गेले, त्यात हे तिन्ही आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी वीतभर मातीखाली खापर, नाणं, जोत्याचा दगड काहीही असू शकतं. म्हणून खड्डा करायचा तो गाव आणि गड यांच्या मधल्या रानात, जिथे पाचोळा आणि काळसर भुसभुशीत माती आहे. माथ्यावर मुक्काम असेल आणि तिथे बांधलेला संडास नसेल, तर पिशवीची पद्धत वापरा. ती पुढे सांगतो.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मात्र हे काहीच करू नका. प्रवेशद्वाराजवळ आणि कान्हेरीकडे स्वच्छतागृहं आहेत, ती वापरा. ठरलेली वाट सोडून रानात शिरायला तिथे परवानगी नाही, तुळशी आणि विहार हे पिण्याच्या पाण्याचे तलाव आत आहेत, आणि बिबटे आहेत. उकिडवा बसलेला माणूस बिबट्याला माणसाएवढा दिसत नाही. उद्यानाच्या आणि आरेच्या कडेला राहणाऱ्यांना अंधारात उघड्यावर बसू नका असं वारंवार सांगतात ते त्यामुळेच. भीमाशंकर, जुन्नर या बिबट्याच्या भागांतही रात्री एकट्याने लांब जाऊ नये.

जागा ठरली की काठीने आजूबाजूचं गवत आणि पाचोळा हलवा. फुरसं हा विषारी साप. ते लहान असतं, मातीच्या रंगाचं असतं आणि दगडांच्या सापटीत बसतं. कातळाच्या भागात ते सगळीकडे आहे. दगड उचलून बघू नका, विंचू तिथेच असतात. हात ज्या खोडाला धरणार त्यावर मुंगळ्यांची रांग नाही ना, तेही पाहा. पावसाळा संपल्यावर खाजकुयलीच्या शेंगा वाळतात, त्यांची लव अंगाला लागली की तासभर नाचायची वेळ येते. आणि पानांनी पुसायची कल्पना डोक्यातून काढून टाका. रानातलं पान ओळखता येणारे आपल्यात फार थोडे.

खड्डा

खोली एक वीत, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर. तोंड पंजाएवढं रुंद. मैला कुजवणारे जिवाणू मातीच्या वरच्याच थरात जास्त असतात, त्यामुळे हातभर खोल खणून काही मिळत नाही, आणि दोन बोटं खणलं तर रानडुक्कर किंवा कुत्रं रात्रीत उकरून काढतं. वर गवत असेल तर ते मुळांसकट आख्खं उचलून बाजूला ठेवा, शेवटी झाकणासारखं परत बसवता येतं. काढलेली माती उताराच्या वरच्या बाजूला ठेवा म्हणजे ती घरंगळत नाही.

पँट घोट्यापर्यंत सोडू नका, गुडघ्याशी पुढे धरून ठेवा. खिशातला मोबाइल आधी सॅकमध्ये. बसताना तोंड उताराकडे, खड्डा टाचांच्या मागे. उजव्या हाताने बाटली दाबायची, डाव्याने धुवायचं, पाणी खड्ड्यातच पडू द्यायचं. मग काडीने थोडी माती आत मिसळा, काडी तिथेच सोडा, उरलेली माती लोटून पायाने दाबा आणि पाचोळा पसरा. टिश्यू वापरला असेल तर तो खड्ड्यात न टाकता पिशवीत. कोरड्या दिवसांत कागद कुजत नाही. तो जाळून टाकायच्या नादात वाळक्या गवताला आग लागते, तोही उद्योग नको.

वर मोठा दगड ठेवायची एक लोकप्रिय पद्धत आहे. ती बंद करा. दगडाखाली हवा-ऊन पोहोचत नाही, कुजणं रेंगाळतं, आणि पुढच्या शनिवारी कोणीतरी चूल मांडायला तोच दगड उचलतो.

गटातल्या सगळ्यांनी एकाच झुडपाआड जाऊ नका. मातीत पुरलेल्या मैल्यातले रोगजंतू महिनोन्‌महिने तग धरतात. एका माणसाचं माती पचवते, दर सुट्टीला येणाऱ्या शेकडो जणांचं नाही. पठाराच्या कडेचं एकमेव हिरवं बेट जिथे आहे, तिथे तुमच्या आधी सगळे जाऊन आलेले असतात. अजून पन्नास पावलं पुढे जा.

पावसाळा आणि कातळ: पिशवीची पद्धत

नवखे सगळ्यात जास्त येतात ते जून ते सप्टेंबरमध्ये, आणि खड्ड्याची पद्धत सगळ्यात वाईट चालते तीही तेव्हाच. माती पाण्याने तुडुंब असते, खणलं की खड्ड्यात पाणी भरतं, वरून पाट वाहत असतात. कातळाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, तर माती दोन बोटंसुद्धा नसते, आणि जी असते तिच्यात पावसाळी रानफुलं तगून असतात.

अशा वेळी मैला सोबत परत आणायचा. ऐकून नाक मुरडाल, पण कुत्र्याला फिरवायला नेणारे मुंबईत रोज हेच करतात. जाड काळी पिशवी घ्या, कडा बाहेर दुमडा, चार दगडांच्या मध्ये बसवा, आत वाळवलेली चहापूड किंवा कोरडी माती टाका. काम झालं की आणखी थोडी पूड, गाठ, ती पिशवी झिपच्या पिशवीत, आणि सगळं एका घट्ट झाकणाच्या जुन्या प्लास्टिकच्या डब्यात. डबा सॅकच्या बाहेर बांधा. खाली गावात विचारून मैला संडासात रिकामा करायचा आणि रिकामी पिशवी बांधून घरी आणून कचऱ्यात वेगळी द्यायची. संडासात पिशवी टाकायची नाही, हे पुन्हा सांगतो. पहिल्यांदा किळस येते. दुसऱ्यांदा सवय झालेली असते.

हात

ट्रेकवरून आल्यावर पोट बिघडलं की लोक टाक्याच्या पाण्याला दोष देतात. पाणी दोषी असतंच कधी कधी, पण बऱ्याचदा दोष एकाच चिवड्याच्या पाकिटात हात घालणाऱ्या दहा जणांचा असतो.

साबण आणि पाणी, वीस सेकंद, नखांखाली आणि बोटांच्या बेचक्यांत. सॅनिटायझर घाईत बरा, पण हाताला माती किंवा घाण लागलेली असेल तर तो काम करत नाही, आणि जुलाब-उलट्या करणारा नोरोव्हायरस अल्कोहोलला फारसा दाद देत नाही. हात धुताना दुसऱ्याला बाटली धरायला सांगा. तुमच्याच हाताने बाटली उघडली तर बाटलीही घाण होते.

साबणाचं पाणी ओढ्यात किंवा टाक्यात नको, ‘नैसर्गिक’ लिहिलेल्या साबणाचंही नको. लांब मातीवर सोडा. आणि ती लाल पट्टीची बाटली टाक्यात बुडवून कधीही भरू नका. दुसऱ्या भांड्याने वरून पाणी ओता. हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी गडावर राहून ट्रेकरना जेवू घालणारी माणसं त्याच टाक्यांतलं पाणी वापरतात.

खाऊसाठी एक सोपा नियम: पाकिटात हात घालायचा नाही, पाकीट हातावर ओतायचं.

लघवी

याला खड्डा लागत नाही, पण वाट, पाणी, देऊळ, गुहा आणि तटबंदी सोडूनच. पुरुषांना बुरुजाच्या कडेला उभं राहून दरीत सोडायची भारी हौस. धुक्यात किंवा रात्री कड्याच्या टोकाशी जाण्यासारखा मूर्खपणा नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वारा खालून वर येतो, हे निदान कपड्यांसाठी तरी लक्षात ठेवा.

बायका-मुलींचे या बाबतीत हाल होतात, आणि त्याला कारण गटाची लाज. लीडरने दर दीड-दोन तासांनी स्वतःहून मोठ्याने सांगावं: ‘मुलगे पुढे वळणापर्यंत जा, मुली मागे, दहा मिनिटांनी भेटू.’ कोणालाही विचारावं लागू नये. दोघींनी मिळून जावं, एक पहाऱ्याला. उघड्या माळावर उघडलेली छत्री हा उत्तम आडोसा, पावसाळ्यात ती सोबत असतेच. ओढणी किंवा पाँचोही चालतो. उभ्याने वापरायची फनेल मिळते, पण तिचा सराव घरच्या बाथरूममध्ये चार वेळा करा, गडावर पहिल्यांदा नको. दाबून धरू नका आणि त्यासाठी पाणीही तोडू नका. लघवीला जळजळ होण्याची दुखणी अशानेच मागे लागतात.

रात्री तंबूतून बाहेर पडताना बूट झटकून घाला, टॉर्च लावा, आणि एकाला तरी उठवून सांगून जा.

पाळी

पाळी आहे म्हणून ट्रेक रद्द करायची गरज नाही, दुखत नसेल तर. पॅड चार-सहा तासांनी बदला, पावसात ओले झाले तर त्याआधीच, नाहीतर मांड्या सोलवटतात. वापरलेला पॅड वर्तमानपत्रात, मग काळ्या पिशवीत, मग झिपच्या पिशवीत. पुरायचा नाही, कारण त्यात प्लास्टिक असतं आणि जनावरं वासाने उकरतात. जाळायचाही नाही, ओला पॅड धड जळत नाही. घरी आल्यावर कागदात गुंडाळून खूण करून सुक्या-ओल्या कचऱ्यापासून वेगळा द्या.

मेन्स्ट्रुअल कप वापरत असाल तर ट्रेकवर फार सोयीचा, बारा तासांपर्यंत चालतो. पण कपची पहिलीच पाळी गडावर नको. काढताना-घालताना हात साबणाने धुतलेले हवेत, आणि कप धुवायला पिण्याचंच पाणी घ्या, ओढ्याचं नको. रक्त खड्ड्यात ओतून झाका.

लीडर पुरुष असेल तर त्याच्या प्रथमोपचाराच्या पेटीत दोन पॅड असावेत आणि ते आहेत हे निघतानाच सगळ्यांना सांगावं.

पोट बिघडलं तर

टाक्यातलं पाणी प्यायच्या आधी उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. इंधन नसेल तर क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या, त्यावर लिहिलेल्या वेळेइतकं थांबून. कपड्याने गाळलं की गाळ जातो, जंतू जात नाहीत.

जुलाब लागले तर चढणं थांबवा. ओआरएसची पाकिटं दोन-चार प्रत्येकाकडे असावीत. नसतील तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा आणि सपाट. मीठ अंदाजाने वाढवू नका. घोट घोट, प्रत्येक जुलाबानंतर. ताप, शौचातून रक्त, न थांबणारी उलटी, किंवा सहा-आठ तास लघवीच नाही, असं झालं तर वर रात्र काढू नका. उजेड असेतो खाली उतरा, सोबत दोघं द्या आणि रस्त्याला लागल्यावर १०८ ला फोन करा. आजारी माणसाने गटाचा स्वयंपाक करायचा नाही, भांड्यांनाही हात लावायचा नाही.

परत आल्यावर

कसाऱ्याहून दमून आलेला माणूस सॅक कोपऱ्यात टाकतो आणि ती गुरुवारी उघडतो. थैलीपुरतं तसं करू नका. कचऱ्याची पिशवी त्याच रात्री बाहेर काढा. खुरपं साबणाने धुवून उन्हात वाळवा, डबा गरम पाण्याने धुवा, लाल पट्टीची बाटली फेकून नवी करा. चहापूड, कागद आणि साबण पुन्हा भरून थैली सॅकमध्येच ठेवा. पुढच्या वेळी ऐन निघताना शेवटची लोकल पकडायच्या गडबडीत हे काही आठवणार नाही.